पुण्याचं कम्प्युटर की वालचंदचं इलेक्ट्रिकल?

आधी पत्र, थोडं कापून:

"ताई, मी तासगाव तालुक्यातली. सीईटीला ९६ च्या वर पर्सेंटाईल आलंय. कॅपच्या (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या राउंडला सांगलीच्या वालचंदला इलेक्ट्रिकल लागलं, माझा चौथा प्रेफरन्स होता. वरचे तिन्ही कम्प्युटर नाहीतर आयटी. पण त्याआधीच पप्पांनी पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात कम्प्युटर-एआयला ५० हजार भरून सीट बुक केलीय. तिथं वर्षाला साडेतीन लाख फी, हॉस्टेल-मेसचे दीडेक लाख वेगळे. पप्पा म्हणतात १२ लाखाचं कर्ज काढू, बाकीचं बेदाण्यातून, आणि नाहीच जमलं तर रोडटच दहा गुंठे काढू. पुण्याचा मामा म्हणतो इलेक्ट्रिकल करून काय लाईनमन होणार का, आणि शिवाजी युनिव्हर्सिटीच्या डिग्रीला पुण्यात कोण विचारतंय. आमचा उत्पन्नाचा दाखला आठ लाखाच्या आतला आहे. मला कोडिंग आवडतं असं वाटतं पण केलंय थोडंसंच पायथन, यूट्यूबवर बघून. परवापर्यंत सांगायचंय. काय करू?"

अगं परवापर्यंत म्हणतीयेस म्हणून आधी उत्तर देते, कारणं नंतर सावकाश वाच. वालचंदची सीट सोडू नकोस. पण लगेच फ्रीझ पण करू नकोस, म्हणजे हीच सीट कायम असं सांगून टाकू नकोस, बेटरमेंट घे.

हे नीट समजून घे कारण यातच पोरं घोळ घालतात. २०२५ पासून कॅपचे चार राउंड झालेत आणि ऑटो फ्रीझ आलंय, म्हणजे पहिल्या राउंडला पहिला प्रेफरन्स लागला, दुसऱ्याला पहिल्या तीनातला लागला, तिसऱ्याला पहिल्या सहातला लागला की तेच घ्यायचं, पुढं जाता येत नाही. तुला दुसऱ्या राउंडला चौथा लागलाय म्हणजे तू एका नंबराने वाचलीयेस. सीट ॲक्सेप्ट करून बेटरमेंट घेतलंस की तिसऱ्या राउंडला वरच्या तीनातलं काही लागलं तर इलेक्ट्रिकल आपोआप सुटतं आणि ते मिळतं, नाही लागलं तर हेच इलेक्ट्रिकल तुझ्याच नावावर राहतं. यात घालवण्यासारखं काही नाही. फक्त सीट ॲक्सेप्ट करायची मुदत चुकवलीस तर मात्र सगळंच गेलं, त्या पोर्टलला शेवटच्या दिवशी रात्री लॉगिन करत बसू नकोस. आणि यंदाच्या माहितीपुस्तिकेतला या विषयाचा भाग स्वतः वाच, नियम दरवर्षी थोडे हलतात, नेट कॅफेवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

आता पैसे. तुझ्या पत्रात एका गोष्टीचा पत्ताच नाही, आणि मला वाटतं तुमच्या घरात ती कुणाला माहीतच नाहीये, नाहीतर ही चर्चा झालीच नसती. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखापर्यंत असेल आणि मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी यातली असेल तर व्यावसायिक कोर्सला तिचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी ते पन्नास टक्के होतं. अट एवढीच की ॲडमिशन कॅपमधून झालेली पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. आणि हे खासगी विद्यापीठं आणि खासगी अभिमत विद्यापीठं यांना लागू नाही, निर्णयातच त्यांना वगळलंय. म्हणजे तुझ्यापुढं जे दोन कागद आहेत त्यातल्या एकावर शिक्षण शुल्क शून्य होऊ शकतं आणि दुसऱ्यावर साडेतीन लाखातला रुपयाही कमी होत नाही. तू प्रवर्ग लिहिला नाहीयेस. एसईबीसी किंवा ओबीसी असशील तर जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेयर बघून ठेव, ओपन असशील तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढलाय का ते बघ. एससी, एसटी, व्हीजेएनटी असशील तर तुमच्या स्वतंत्र योजना आहेतच. अर्ज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, आणि दरवर्षी रिन्यू करायचा, पहिल्या वर्षी भरून दुसऱ्या वर्षी विसरणारी पोरं मी बघितलीयेत. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस हे आपल्याच खिशातून जाणार, त्यात गल्लत नको. पण तासगाव ते विश्रामबाग, म्हणजे सांगलीत कॉलेज आहे तिथवर, रोज ये-जा होण्यासारखं आहे, एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, पास काढला तर आणखी स्वस्त. पहिलं वर्ष असं काढायचं आणि मग वाटलं तर हॉस्टेल घ्यायचं.

पुण्याचा हिशोब तूच दिलायस, वर्षाला पाच लाख धरले तर चार वर्षाचे वीस लाख, आणि फी दरवर्षी वाढते की तेवढीच राहते हे त्यांच्याकडून लेखी घेतलंय का पप्पांनी? त्यातले बारा लाख कर्जाचे. दहा टक्के व्याज धरू, वर्षाला तीन लाख उचलले आणि हप्ता कोर्स संपल्यावर वर्षाने सुरू झाला असं धरू. तोपर्यंत नुसतं साधं व्याजच ४ लाख २० हजार होतं. म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा डोक्यावर १६ लाख २० हजार, आणि दहा वर्षाच्या मुदतीत महिना २१ हजार ४०० च्या आसपास. आता विचार कर, पहिली नोकरी पुण्यात महिना तीस हजारावर लागली, आणि बऱ्याच जणांना तेवढ्यावरच लागते, तर खोलीचं भाडं देऊन हा हप्ता कोण भरणार? पप्पाच ना. ज्या वर्षी छाटणीनंतर पाऊस लागला आणि बाग गेली त्या वर्षी? शिवाय साडेसात लाखाच्या वरच्या एज्युकेशन लोनला बँक बहुतेक वेळा तारण मागते, म्हणजे रोडटच गुंठे विकले नाहीत तरी सात-बारावर बोजा चढणारच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी मंजूर झालीय, त्यात बिनतारण कर्ज आणि दहा लाखापर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे, पण ती ठरावीक यादीतल्या संस्थांनाच. ते विद्यापीठ यादीत आहे का, हे त्यांच्या ॲडमिशनवाल्या माणसाला नको विचारू, योजनेच्या पोर्टलवर बघ.

बरं, मामा. मामांना माझा नमस्कार सांग आणि सांग की ताई स्वतः इलेक्ट्रिकलची आहे, त्यामुळं ती थोडी चिडणारच. पहिलं म्हणजे लाईनमन हा शब्द शिवीसारखा वापरू नका, पावसात खांबावर चढणारा तो माणूस नसता तर तुमच्या वाकड-हिंजवडीतली लिफ्ट बंद पडली असती. दुसरं, इलेक्ट्रिकल म्हणजे नक्की काय ते तासगावच्या पोरीला तर मी सांगायची गरजच नाही. टेंभूचं पाणी कऱ्हाडजवळून कृष्णेतून उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं चढवत पार खानापूर-आटपाडीकडं नेतात, म्हैसाळचं पाणी कवठेमहांकाळ-जतकडं जातं, हे सगळं महाकाय मोटरींवर चाललंय आणि वीजबिल थकलं की आवर्तन अडतं हे आपण वर्षानुवर्षं पेपरात वाचतोय. त्या मोटरी, त्यांचे ड्राईव्ह, सबस्टेशन, लोड कसा कमी करायचा, सोलरवर किती टाकता येईल, हे सगळं तुझ्या ब्रांचचं काम. तुझ्या पप्पांना रात्रीची लाईट असली की मोटर चालू करायला उठावं लागत असेल, ती दिवसा मिळावी म्हणून जे सौर फीडर चाललेत तेही इलेक्ट्रिकलच. कोयनेचे चार टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून १,९६० मेगावॉटची क्षमता आहे, तीही आपल्याच शेजारच्या जिल्ह्यात. नोकरीचं म्हणशील तर महावितरण, महापारेषण, महानिर्मिती आहेत, गेट ही एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा देऊन पॉवरग्रिडसारख्या सरकारी कंपन्या आहेत, एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा आहे, आणि खासगीत ईव्ही, बॅटरी, सोलर, ऑटोमेशन. सगळ्या जागा सहज मिळतात असं मी म्हणत नाही, सरकारी भरतीची वाट बघून लोक थकतात हे खरंय. पण दार एकच नाहीये एवढं नक्की.

आता तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य. "कोडिंग आवडतं असं वाटतं." ही अट्टल प्रामाणिक पोरगी आहे असं मनात म्हटलं मी. तुला अजून माहीतच नाहीये, आणि बारावीनंतर कुणालाच माहीत नसतं, जेईई-सीईटीच्या नादात दोन वर्षं एमसीक्यू सोडवलेल्या पोरांना आवड कळणार कुठून? पण ज्याची खात्री नाही त्यावर वीस लाख लावायचे नसतात. इलेक्ट्रिकलला गेल्याने कोडिंगचं दार बंद होत नाही. पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंग सगळ्या ब्रांचला असतं. पुढं कंट्रोल, एम्बेडेड, पॉवर सिस्टीम यात मॅटलॅब, पायथन, सी हे रोजचं होतं. नवीन धोरणात मल्टीडिसिप्लिनरी मायनर आलाय, त्यात कम्प्युटरकडचे विषय घेता येतात का आणि किती जणांना मिळतात हे कॉलेजात जाऊन विचार. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच आयटी कंपन्या सगळ्या ब्रांचची पोरं घेतात. गेटला तर कुठल्याही ब्रांचचा माणूस कम्प्युटरचा पेपर देऊ शकतो, आणि २०२४ पासून डेटा सायन्स-एआयचा वेगळा पेपर पण आहे. एक मात्र कबूल करते, हे सगळं जादा कष्टाचं आहे. कम्प्युटरची पोरगी जे वर्गात शिकते ते तुला संध्याकाळी बसून शिकावं लागेल. आणि पहिल्या वर्षानंतर ब्रांच बदलून मिळेल या भरवशावर तर अजिबात राहू नकोस, मोजक्या रिकाम्या जागा, त्याही वरच्या मार्कवाल्यांना.

आणि कम्प्युटर म्हणजे नोकरी पक्की हा जो समज आहे ना, तो आता थोडा जुना झालाय. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीनं दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या वर लोक कमी करणार असं जाहीर केलं. त्यात २०२४-२५ पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, चांगल्या चालणाऱ्या कॉलेजांना ब्रांचमागे जागांची जी मर्यादा होती ती काढून टाकली, मग जिकडं तिकडं कम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या, कुठं एआय, कुठं डेटा, कुठं सायबर, नावं निराळी आणि पहिल्या दोन वर्षांचे विषय बघितलेस तर जवळपास तेच. बाकं वाढवणं सोपं असतं गं, शिकवणारी माणसं कुठून आणणार.

पप्पा कॅम्पस बघून आलेत, काचेची बिल्डिंग, एसी लॅब, गेटवर हायेस्ट पॅकेजचा बोर्ड, बघून कुणीही भारावतं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण हायेस्ट पॅकेज एका पोराचं असतं. तू मिडीयन बघ, म्हणजे सगळे पगार ओळीनं लावले की बरोबर मधला येतो तो. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगला जी संस्था माहिती देते तिला ती पीडीएफ स्वतःच्या वेबसाईटवर टाकावी लागते. त्यात चार वर्षाच्या यूजी कोर्सचा तक्ता असतो, किती प्रवेश दिले, किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मिडीयन पगार किती, पुढं शिकायला किती गेले. वालचंदची पण बघ, पुण्याची पण बघ, शेजारी शेजारी ठेवून. तो आकडा सगळ्या ब्रांचचा मिळून असतो आणि संस्थेनंच भरलेला असतो हे डोक्यात ठेवून वाच, पण बोर्डापेक्षा कितीतरी बरा. मग एनबीएच्या साईटवर जाऊन तुझ्या ब्रांचला मानांकन आहे का बघ, नॅक सगळ्या संस्थेला मिळतं, एनबीए ब्रांचला. नवीन सुरू झालेल्या एआयच्या ब्रांचची पहिली तुकडीच बाहेर पडलेली नसेल तर तिचं प्लेसमेंट कुणी कसं सांगतंय, हा प्रश्न मामांना विचार.

वालचंदबद्दल पण डोळे झाकून जाऊ नकोस. १९४७ चं कॉलेज म्हणजे नाव मोठं आणि माजी विद्यार्थी जागोजागी, हे आहेच. पण अनुदानित संस्थांमधली प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं रखडते हे राज्यभरचं दुखणं आहे, म्हणून इलेक्ट्रिकलच्या डिपार्टमेंटला कायमचे शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती हे सरळ विचार. त्याहून चांगलं म्हणजे थर्ड इयरच्या एखाद्या पोरीला गाठ. विश्रामबागला उतर, कॉलेजच्या बाहेर चहाच्या गाड्यावर उभी राहा, दहा मिनिटात दोन-चार सीनियर भेटतील. त्यांना लॅब कशा आहेत एवढंच नको विचारू, मशीनवर स्वतः हात लावायला मिळतो का की लांबून बघायचं, पोरींचं हॉस्टेल किती वाजता बंद होतं, इंटर्नशिप कुणी लावून दिली की स्वतः शोधली, हे विचार. पुण्याच्या पोरांना पण हेच प्रश्न लिंक्डइनवर टाक, ॲडमिशन काउन्सेलरला नको, त्याला ॲडमिशनचं टार्गेट असतं.

शिवाजी युनिव्हर्सिटीच्या डिग्रीचं म्हणशील तर हे बोलणं मी वीस वर्षं ऐकतीय. वालचंद ऑटोनॉमस आहे, अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या त्यांच्या, डिग्री विद्यापीठाची. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, नॅकचं ए प्लस प्लस मिळालेलं. इंजिनिअर घेताना कंपनी कॉलेजचं नाव बघते, मग सीजीपीए, मग प्रोजेक्टवर दोन प्रश्न विचारते, आणि दोन वर्षं नोकरी झाली की ते पण कुणी विचारत नाही. मामांच्याच ऑफिसात किती जण सांगली-कोल्हापूर-कऱ्हाडचे आहेत ते त्यांनी एकदा मोजावं.

पुण्याची बाजू पण सांगते, नाहीतर म्हणशील ताई एकतर्फी बोलली. पुण्यात राहण्याचा फायदा खरा आहे. कंपन्या तिथं आहेत, मीटअप, हॅकेथॉन, शनिवारी-रविवारी कुठं ना कुठं काहीतरी चालू असतं, चार राज्यांची पोरं भेटतात, इंग्रजी बोलायची भीड मोडते, आणि घरापासून लांब राहून पोरगी जी तयार होते ती रोज संध्याकाळच्या एसटीनं घरी येऊन होत नाही. सांगलीत हे सगळं तुला ओढून आणावं लागेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यात इंटर्नशिप शोध, तेव्हा मामांच्या घराचा खरा उपयोग होईल. आणि तुझ्याऐवजी एखाद्या मुलानं हेच पत्र लिहिलं असतं, आठवीपासून कोड लिहितोय, गिटहबवर काम आहे, बापाकडं वीस लाख कर्ज न काढता आहेत, तर मी त्याला जा म्हणाले असते. तुझ्या पत्रात यातलं एकही नाही.

तुझ्या ऑप्शन फॉर्मवर कऱ्हाडच्या गव्हर्नमेंट कॉलेजचं आयटी होतं का? तू लिहिलं नाहीस. वरच्या तिन्हीत नसेल आणि कम्प्युटरकडंच जायचं असं मनानं घेतलं असेल तर त्याचा विचार व्हायला हवा होता. १९६० चं सरकारी कॉलेज आहे, मुलींची फी माफी तिथं पण आहे. पुढच्या राउंडचा फॉर्म भरताना ते इलेक्ट्रिकलच्या वर ठेवायचं की खाली हे तूच ठरव. वर ठेवलंस आणि लागलं तर इलेक्ट्रिकल गेलंच, म्हणून रात्रभर विचार करून ठेव.

राहिले ते ५० हजार. पप्पांचा जीव त्यात अडकला असणार, भरलेत आता, बुडतील, म्हणून तिकडंच जाऊ. वेळेत रद्द केलंस तर बुडत नाहीत. यूजीसीचा २०१८ चा फी परताव्याचा नियम आहे आणि तो खासगी विद्यापीठांनाही आहे: प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर शंभर टक्के, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत नव्वद, तारखेनंतर पंधरा दिवसांत ऐंशी, तीस दिवसांत पन्नास, आणि मग शून्य. शंभर टक्केवाल्यातून प्रोसेसिंगचे म्हणून थोडे कापतात. मधल्या काही वर्षांत यूजीसीनं याहून सैल तारखा दिल्या होत्या, यंदाचं परिपत्रक त्यांच्या साईटवर बघ. मूळ दाखले अडकवून ठेवायला त्याच नियमात मनाई आहे, त्यामुळं एलसी देत नाही म्हणाले तर घाबरायचं नाही. पण क्रम उलटा करू नकोस हं, आधी वालचंदची सीट ॲक्सेप्ट झाल्याची पावती हातात, मगच पुण्याचं कॅन्सल. आणि कॅन्सल फोनवर नाही, ईमेलवर, तारखेसकट, पावतीचा फोटो जोडून, पप्पांच्या बँक खात्याचा नंबर टाकून. उत्तर नाही आलं तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाकायची, तेवढं नाव घेतलं तरी बऱ्याचदा फाईल हलते.

पप्पांशी बोलताना मामांचा विषय काढू नकोस, वाद तिकडंच वाहत जाईल. एका कागदावर दोन रकाने कर, एकात वीस लाख आणि २१ हजार ४०० चा हप्ता, दुसऱ्यात वालचंदची माफी वजा जाता उरणारी फी, बस पास आणि पुस्तकं. शासन निर्णयाची प्रिंट जोड, मोबाईलवर दाखवू नकोस, आपल्याकडच्या बापांचा कागदावर जास्त विश्वास असतो. आणि सांग, की वाचलेल्या पैशातले दीड-दोन लाख मला लॅपटॉप आणि दोन उन्हाळे पुण्यात राहायला द्या. हे ऐकून ते नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं. म्हणालेच तर मला परत लिही, पण सीट ॲक्सेप्ट करायची मुदत त्याआधी संपत असेल तर आधी ती कर, भांडण नंतर.